काटेसावरीची हजेरी

पारखेड गावाच्या उशाला एक टेकडी होती. तिच्यावर एक झाड म्हणून नव्हतं, म्हणून सगळे तिला टकली म्हणायचे. तुम्हाला कुणी टकलू म्हटलेलं चालेल का? नाही ना? मग टेकडीला तरी कसं चालेल! पण ती बिचारी तक्रार कुणाकडे करणार? उन्हात तापायची, वाऱ्यात धूळ उडवायची आणि गप्प बसायची.

गेल्या पावसाळ्यात मात्र तिचं नशीब उघडलं. गावच्या शाळेतल्या मुलांनी ठरवलं, टकलीला आता टकली ठेवायचं नाही. गुरुजींनी रोपं आणली, सगळी आपल्याच मातीतली. करंज, बहावा, आपटा, कडुनिंब, बेल, जांभूळ, पळस. शाळेत मुलं एक्केचाळीस आणि रोपंही एक्केचाळीस. ज्याचं झाड त्यानं सांभाळायचं. त्याच्याभोवती आळं करायचं, पायाशी पालापाचोळा अंथरायचा आणि रोज येताना हापशावरून एक बाटली पाणी भरून आणून त्याला पाजायचं. हे सगळं मुलांनीच ठरवलं होतं हं, कुणी छडी घेऊन मागे लागलं नव्हतं.

आणि दर शनिवारी, सकाळची शाळा भरली की टेकडीवर झाडांची हजेरी व्हायची. हसू नका, खरंच व्हायची! आठवीतली कमळजा वही घेऊन उभी राहायची. दोन घट्ट वेण्या, कपाळाला आठी आणि आवाज असा खणखणीत की खाली गावातल्या कोंबड्या दचकायच्या.

"एक नंबर, करंज!" कमळजा ओरडायची.

आता करंजाला काही बोलता येतं का? म्हणून त्याची मालकीण ठकू, पहिलीतली, पुढचे दोन दात पडलेली, हात वर करून ओरडायची, "हजर!"

"दोन नंबर, बहावा!"

"हजर!"

झाडावर एक जरी हिरवं पान असलं तरी ते हजर. एकही पान नसलं की गैरहजर. आणि एखादं झाड तीन शनिवार ओळीनं गैरहजर राहिलं, तर कमळजा त्याचं नाव खोडायची आणि कुदळीनं ती वाळकी काडी उपटून टाकायची. नियम कडक होता, पण कमळजा काही दुष्ट नव्हती. ती म्हणायची, "उन्हाळ्यात हापसा आधीच खोकतो. मेलेल्या काडीला पाणी घातलं, तर जिवंत झाडांना काय घालू?" आणि तिचंही खरंच होतं.

आता या एक्केचाळीस मुलांत एक होती येसू. चौथीतली, सावळी, हसरी, पायात चप्पल नसलेली. ती कुंभाराची लेक. तिचे आबा चाकावर इतकी सुबक मडकी घडवायचे की बघत राहावं. पण घराघरात थंड पाण्याची यंत्रं आली, प्लास्टिकच्या कळशा आल्या, मग मडकी घेणार कोण? मडकी भाजायचा आवा पूर्वी आठवड्याला पेटायचा, आता महिन्याला कधीतरी पेटायचा. घरी भाकरी असायची, पण तिच्यासोबत कालवण असेलच असं नाही. कधी मिरचीचा ठेचा, कधी नुसतं मीठ. येसू मिटक्या मारून खायची आणि म्हणायची, "आज भाकरी किती गोड झालीय गं आई!" असं म्हटलं की आईला बरं वाटायचं.

येसूचं घरात एक खास काम होतं. आव्यातून मडकी निघाली की ती एकेका मडक्याला टिचकी मारून बघायची. नीट भाजलेलं मडकं म्हणायचं, टण्ण! तडा गेलेलं म्हणायचं, खर्रर. आणि अजून न भाजलेलं, आतून ओलं असलेलं मडकं काही म्हणजे काही वाजायचं नाही, नुसतं भद्द करायचं. आबा म्हणायचे, "माझ्या येसूच्या कानाला फसवणारं मडकं अजून जन्मलं नाही." तडा गेलेली, मान वाकडी झालेली मडकी घरामागे टाकून दिलेली असायची. त्यांचा हा मोठा ढीग झाला होता. आबा त्या ढिगाकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

झाडं लावायच्या दिवशी येसू आबांबरोबर बाजाराला गेली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत आली तर एकच रोप उरलेलं. काटेसावर! बोटभर जाडीची काडी आणि अंगभर काटे. तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं. येसूनं मात्र तिच्यापुढे उकिडवं बसून विचारलं, "काय गं सावरे, एवढे काटे कशाला घेऊन बसलीस? कुणी रागावलं का तुला?" आणि तिला हळूच उचललं. बोटाला दोन ठिकाणी टोचलं, पण येसूनं तिला सोडलं नाही.

मग येसूनं काय केलं, माहीत आहे? घरामागच्या ढिगातलं एक तडकलेलं मडकं आणलं, सावरीच्या शेजारी गळ्यापर्यंत मातीत पुरलं, त्यात आपली बाटली रिकामी केली आणि वर झाकणी ठेवली. मडकं मातीतल्या मातीत हळूहळू पाझरत राहायचं आणि सावरी घोट घोट पाणी प्यायची. पोरं खो खो हसली. "झाडाला माठ! आता पेला पण ठेव गं!" येसूही त्यांच्याबरोबर हसली. हसायचं काय जातंय!

पावसाळ्यात सावरी वाढली, हिवाळ्यात येसूच्या कमरेला लागली. पण उन्हाळा आला आणि घोटाळा झाला. सावरीची पानं पिवळी पडली, मग एक गळलं, दोन गळली, आणि एके दिवशी सगळीच गळली. उरली नुसती काटेरी काडी.

पहिल्या शनिवारी येसू हळूच म्हणाली, "गैरहजर." दुसऱ्या शनिवारी तिनं नुसती मान हलवली. कमळजानं तिच्याकडे बघितलं, वहीत फुली मारली आणि म्हणाली, "येसू, पुढच्या शनिवारी कुदळ आणावी लागेल गं." त्या आठवड्यात येसूला भाकरी काही गोड लागली नाही.

शुक्रवारी शाळा सुटली. पोरं घरी पळाली. येसू मात्र आपली बाटली घेऊन टेकडी चढली. उन्हं कलली होती, सगळा माळ पिवळा पिवळा झाला होता. सावरीजवळ ती वाकली, तर मडक्याच्या गळ्याशी, झाकणीच्या एवढ्याशा सावलीत, काहीतरी पडलेलं. फुलपाखरू असेल म्हणून येसूनं बघितलं, तर ते फुलपाखरू नव्हतंच!

ती होती एक इवलीशी परी. अंगठ्याएवढी! गवतफुलांचा जांभळा झगा, माळावरच्या कुसळांचे सोनेरी केस, आणि चतुराच्या पंखांसारखे चिमुकले चार पंख. पण ते पंख उन्हानं चुरगळून गेले होते, गाल धुळीनं माखले होते आणि डोळे मिटलेले होते.

"पाणी," परी पुटपुटली.

येसूनं बाटलीकडे बघितलं, सावरीकडे बघितलं. पाणी एकाच बाटलीचं होतं आणि उद्या तिसरा शनिवार होता. पण तहानलेल्याला पाणी द्यायचं की नाही, याचा विचार येसूच्या घरात कधी कुणी केला नव्हता. मडकी घडवणारी माणसं ती! तिनं बाटलीच्या झाकणात पाणी ओतलं आणि परीच्या ओठांना लावलं.

परी गटागटा प्यायली. अजून एक झाकण. अजून एक. येसू ओततेय आणि परी पितेय! बघता बघता निम्मी बाटली संपली, मग पाऊण, मग शेवटचा थेंबसुद्धा.

"अगं बाई! एवढीशी तू, आणि एवढं पाणी जातं तरी कुठं?" येसू म्हणाली.

परी खुदकन हसली. तिचे पंख उलगडले. एक निळा, एक हिरवा, एक गुलाबी आणि एक उसाच्या रसाच्या रंगाचा. ती भुर्रकन उडाली आणि सावरीच्या काट्यावर जाऊन बसली. तिच्या अंगावरून चमचम करत चांदीचे कण सांडायला लागले.

"मी माळपरी," ती म्हणाली. तिचा आवाज छुमछुम वाजायचा. "उन्हाळ्यात सगळा माळ झोपतो ना, त्याला थोपटत फिरायचं काम माझं. आज फार लांब गेले आणि उन्हानं घेरी आली. तू स्वतःच्या झाडाचं पाणी मला दिलंस, बाळ. हात पुढे कर बघू."

येसूनं ओंजळ केली. परीनं तीत तीन गुंजा टाकल्या. लालचुटूक, काळ्या डोळ्यांच्या, गोल गोल गुंजा. (गुंजा तोंडात घालायच्या नसतात हं, विषारी असतात. आधीच सांगून ठेवते.)

"एक गुंज मुठीत धरायची आणि इच्छा मागायची," परी म्हणाली. "पण नियम आहेत. नीट ऐक. मागताना पाय मातीला लागलेले हवेत. आणि मी नवं काही घडवत नाही. मी इथलं उचलून तिथं ठेवते, एवढीच माझी जादू. कुठून आणायचं ते तू सांगायचं. नाही सांगितलंस, तर जवळ मिळेल तिथून आणीन. आणि तिसरी गुंज संपली, की मी चालले."

"हो हो, कळलं!" येसू म्हणाली. कसलं कळलंय! अर्धंही ऐकलं नव्हतं तिनं. तिच्या डोळ्यांपुढे फक्त कमळजाची कुदळ होती. पाय तर तिचे अनवाणीच होते. तिनं एक गुंज मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, "माझ्या सावरीला हिरवी पानं येऊ देत!"

सर्रर करून वाऱ्याची एक भिंगरी आली. येसूनं डोळे मिटले, उघडले, आणि काय सांगू! काटेरी काडीवर हिरवीगार, तुकतुकीत पानं! सावरीला इतकी तुकतुकीत पानं कधीच नव्हती. पण आनंदाच्या भरात एवढं कोण बघतं? येसू नाचली, टाळ्या पिटल्या आणि उड्या मारत घरी गेली. माळपरी मात्र काट्यावर बसून राहिली.

शनिवार उजाडला. येसू सगळ्यांच्या आधी टेकडीवर पोचणार होती, पण तिच्याही आधी तिथे कुणीतरी होतं. ठकू! सावरीच्या शेजारीच तिचा करंज. त्याच्यापुढे फतकल मारून ती हमसून हमसून रडत होती.

"येसूताई, बघ ना! माझा करंज भुंडा झाला! काल होती, सगळी पानं होती. मी रोज पाणी घातलं. एकदा तर माझ्या डब्यातलं ताकसुद्धा घातलं. तरी का गेला गं तो?"

येसूनं करंजाकडे बघितलं. एक पान नव्हतं. मग तिनं सावरीकडे बघितलं. तुकतुकीत, गुळगुळीत पानं. करंजाची! जवळ मिळेल तिथून आणीन, असं परी म्हणाली होती.

तेवढ्यात पोरं आली. "अरे, येसूची सावरी हिरवी झाली!" एकच गलका. कमळजानं कुदळ खाली टेकवली आणि कधी नव्हे ती हसली. "बरं झालं बाई, मला रात्रभर वाईट वाटत होतं," ती म्हणाली आणि तिनं वही उघडली.

"एक नंबर, करंज!"

ठकूनं हात वर केला नाही. फ्रॉकच्या टोकात तोंड लपवून ती म्हणाली, "गैलहजल." पडलेल्या दातांतून आणि रडण्यातून तिला तो शब्द नीट म्हणताही आला नाही.

हजेरी पुढे चालली. बहावा, हजर. आपटा, हजर. सावरीचा नंबर शेवटचा, एक्केचाळीसावा. येसूच्या मनात नुसती ओढाताण. गप्प राहिलं तर काय होईल? सावरी वाचेल. ठकूचा करंज काय, एकदाच गैरहजर झालाय, येतीलही त्याला पानं पुन्हा. कुणाला कळणारसुद्धा नाही. पण ठकूचे हुंदके तिच्या कानात शिरत होते आणि त्या कानाला फसवणं कठीण होतं. पस्तीस झाले, छत्तीस झाले. सावरीवर बसलेली माळपरी नुसती तिच्याकडे बघत होती. ती फक्त येसूलाच दिसत होती.

अडतिसाव्या नंबराला येसूनं दुसरी गुंज मुठीत धरली. रडू येत होतं, तरी ती नीट, सावकाश पुटपुटली, "सावरीवरची पानं तिथून उचल, आणि ठकूच्या करंजाला परत दे."

पुन्हा सर्रर! धुळीची भिंगरी उठली, सगळ्यांनी डोळे मिटले. उघडून बघतात तो करंज हिरवागार, आणि सावरी पुन्हा काडी.

"आला! माझा करंज आला!" ठकू नाचायलाच लागली. "हजर, हजर, हजर! कमळजाताई, मघाचं खोड!"

कमळजा मात्र येसूकडे बघत होती. तिची आठी परत आली होती. "येसू, मघाशी तुझ्या झाडावर पानं होती ना? का ठकूची पानं तोडून दोऱ्यानं बांधली होतीस?"

"बांधली नव्हती, ताई," येसू म्हणाली. "पण ती माझी नव्हती, हे खरं. ठकूचीच होती."

पोरं कुजबुजायला लागली. येसूचे कान लाल झाले. चूक तिची होती आणि ती तिनं सगळ्यांसमोर सांगितली होती. आता आणखी काय सांगणार?

"एक्केचाळीस नंबर, काटेसावर," कमळजा हळूच म्हणाली.

"गैरहजर," येसू म्हणाली.

तिसरा शनिवार! कमळजानं कुदळ उचलली. तिचेही डोळे पाणावले होते, पण नियम तिनंच केलेला, आता मोडणार कसा?

"ताई, एकदा हात लावू दे तिला. शेवटचा," येसू म्हणाली.

ती सावरीजवळ बसली. काट्यांमधून बोट घालून तिनं खोडाला हात लावला. निरोप कसा घ्यायचा हे काही तिला माहीत नव्हतं. म्हणून घरी मडक्याला मारायची तशी सवयीनं तिनं एक टिचकी मारली.

भद्द!

येसू थबकली. पुन्हा टिचकी मारली. भद्द! तिनं चटकन कुंपणाची एक वाळकी काठी ओढली आणि तिला टिचकी मारली. खट्ट!

"थांब! थांब ताई!" येसू किंचाळलीच. "ही ओली आहे! आतून ओली आहे!"

"काहीतरीच काय! पान तरी आहे का एखादं?"

"पान नाही, पण ऐक ना! आमच्याकडे कच्चं मडकं आतून ओलं असलं की वाजत नाही. वाळलं की वाजतं. ही बघ वाळकी काठी, खट्ट. आणि ही माझी सावरी, भद्द. मेलेली असती तर वाजली नसती का?"

कमळजानं कुदळ खाली ठेवली. स्वतः टिचकी मारून बघितली. एकदा काठीला, एकदा सावरीला. मग सगळ्या पोरांनी रांग लावली. खट्ट, भद्द, खट्ट, भद्द! ठकूनं तर आपल्या डोक्यालाही टिचकी मारून बघितली.

"म्हणजे ही झोपलीय!" ठकू म्हणाली.

आणि येसूला परीचं बोलणं आठवलं. उन्हाळ्यात सगळा माळ झोपतो. पाणी कमी म्हणून सावरीनं पानं टाकून दिली होती आणि पांघरूण घेऊन ती गुडूप झोपली होती. आणि ही सगळी शहाणी मंडळी झोपलेल्या पोरीला मेली म्हणून उपटायला निघाली होती! काय म्हणावं यांना!

कमळजा ओशाळली. "चुकलंच माझं," ती म्हणाली. मोठ्या मुलीनं असं म्हणायला धीर लागतो हं. "पण येसू, आता पाण्याचं काय करायचं? हापसा कालपासून अर्धीच बाटली देतो. पाऊस यायला दोन महिने आहेत. झोपलेल्यांना पाजू की जाग्या असलेल्यांना?"

सगळ्यांनी आपापल्या बाटल्यांकडे बघितलं. एक्केचाळीस मुलं, एक्केचाळीस अर्ध्या बाटल्या. नुसत्या वरून ओतल्या, तर ऊन एका घटकेत पिऊन टाकणार.

येसूच्या मुठीत तिसरी गुंज होती. शेवटची. आता काय मागावं? पाणी मागावं तर ते कुणाच्या तरी घागरीतून जाणार. पाऊस मागावा तर कुणाच्या तरी शेतावरचा जाणार. चपला मागाव्यात तर कुणीतरी अनवाणी होणार. जिथून घेतलं तर कुणाचंच काही कमी होणार नाही, अशी जागा जगात आहे तरी का?

येसूची नजर सावरीशेजारच्या मडक्यावर गेली आणि तिचे डोळे लकाकले. तिनं पाय मातीत घट्ट रोवले.

"माळपरी, आमच्या घरामागे तडकलेल्या मडक्यांचा ढीग आहे. ती कुणालाच नको आहेत. तिथून चाळीस मडकी उचल, आणि इथे प्रत्येक झाडाशेजारी एक एक ठेव!"

"शाब्बास गं माझ्या बाळे!" छुमछुम आवाज आला. आणि या वेळी परी सगळ्यांना दिसली. अंगठ्याएवढी, चार रंगांच्या पंखांची, लखलखणारी. ठकूनं जो आ वासला तो मिटेचना.

मग आकाशात काय दिसलं सांगू? मडकी! तांबडी, काळी, गोल, लांबट, वाकड्या मानेची, फुटक्या काठाची मडकी एकामागून एक रांगेनं उडत येत होती. खाली रस्त्यावरून येसूचे आबा पळत येत होते, पागोटं सुटलेलं, धाप लागलेली. "अहो धरा! माझी मडकी पळाली! धरा त्यांना!"

मडकी अलगद उतरली. करंजाजवळ एक, बहाव्याजवळ एक, आपट्याजवळ एक.

"मी फक्त आणते हं," परी म्हणाली. "पुरायचं तुमचं तुम्ही."

पुरायला कुणी सांगायला हवं होतं का! कमळजानं तीच कुदळ उचलली आणि खड्डे खणायला सुरुवात केली. पोरांनी हातांनी माती उकरली. टेकडी चढून आलेले आबा बघतच राहिले. ज्या मडक्यांकडे बघून ते मान फिरवायचे, त्यांना एकेक पोर कुशीत घेऊन बसलं होतं. आबांचे डोळे भरून आले. मग ते धोतर खोचून खाली बसले आणि म्हणाले, "असं नाही रे पोरांनो. मुळाला धक्का लागेल. जरा लांब, आणि गळ्यापर्यंत पुरायचं. या, दाखवतो." संध्याकाळी अर्धी अर्धी बाटली मडक्यांत गेली, झाकणीऐवजी वर सपाट दगड ठेवले गेले आणि ऊन बसलं हात चोळत.

सगळं झालं, तेव्हा सूर्य टेकायला आला होता. माळपरी येसूच्या तळहातावर उतरली. तिसरी गुंज विरून गेली होती.

"जाऊ नको ना गं," येसू म्हणाली. "मला आवडतेस तू."

"मला पण तू फार आवडतेस," परी म्हणाली. "पण माझं काम पडलंय. आणि एक सांगू? तुझ्या सावरीसाठी मला कुठूनच काही आणायला नको होतं. तिच्यापाशी सगळं होतं. तिच्यासाठी फक्त कुणीतरी थांबायला हवं होतं." तिनं येसूच्या गालाला आपला इवला गाल लावला. मग ती वर उडाली, निळी झाली, हिरवी झाली, गुलाबी झाली, आणि शेवटी सोनेरी उन्हात इतकी मिसळली की ऊन कुठलं आणि परी कुठली ते कळेना. टेकडीवर लख्ख उजेड पडला. पोरांनी डोळे चोळून बघितलं तेव्हा ती गेली होती.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावचे गुरुजी टेकडी बघायला आले आणि येसूच्या आबांना म्हणाले, "आमच्या शाळेलाही झाडांसाठी अशी पाझरणारी मडकी घडवून द्याल का?" मग त्या पुढच्या गावाचे आले, मग त्याच्याही पुढचे. आवा पुन्हा आठवड्याला पेटायला लागला. येसूच्या ताटात भाकरीशेजारी रोज कालवण आलं, आणि पायात लाल पट्ट्यांच्या चपला आल्या. टेकडीवर मात्र ती चपला काढूनच जायची. तिला मातीत पाय ठेवायला आवडायचं.

आणि सावरी? सांगते, घाई काय आहे!

त्यानंतरचा एक शनिवार गेला. कमळजानं वहीत नवा रकाना आखला होता. हजर, गैरहजर आणि झोपलंय. सावरीचा नंबर आला तेव्हा येसूनं टिचकी मारली, भद्द आलं, आणि ती ऐटीत म्हणाली, "झोपलीय!" पळसाचा मालकही म्हणाला, "आमचा पण झोपलाय!" दुसरा शनिवार गेला. झोपलीय.

तिसऱ्या शनिवारी कमळजानं पुकारलं, "एक्केचाळीस नंबर, काटेसावर!"

येसू टिचकी मारायला वाकली, पण ठकू मध्येच ओरडली, "थांब येसूताई! तू नको बोलू! तिनंच हात वर केलाय!"

सगळे धावले. काडीच्या अगदी टोकाला एक कोवळं, तांबूस हिरवं पान उघडलं होतं. काटेसावरीचं पान बघितलंय ना तुम्ही? हाताच्या पंजासारखं असतं, बोटं पसरलेलं. पाच इवल्या बोटांचा तो पंजा सरळ वर, आभाळाकडे उचललेला होता. वर्गात बाईंनी नाव घेतल्यावर तुम्ही हात वर करता ना, अगदी तस्सा.

या वेळी कमळजानं कोंबड्या दचकवल्या नाहीत. तिनं गुपचूप पेन्सिल काढली आणि वहीत लिहिलं, हजर.